कमी पैशांतील ड्रॅग रेसिंग: आधी टर्बो की आधी टायर?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण तुम्ही विचारले आहे एक आणि तुम्हीच दिलेले आकडे अडचण सांगतात ती दुसरीच. तुमच्याकडे पंधरा वर्षे जुनी, पुढच्या चाकांवर चालणारी, हाताने गिअर बदलण्याची गाडी आहे. तुमच्यासकट तिचे वजन साधारण 1,200 किलो भरते आणि इंजिनाची कागदावरची ताकद 150 हॉर्सपॉवर आहे. ड्रॅग रेसिंगच्या पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 400 मीटरच्या, सरळ पट्टीवर तुम्ही तिला दोनदा पळवलीत, तेव्हा एकदा 15.9 सेकंद लागले आणि एकदा 16.4. वर्षभर साठवलेली रक्कम हाती आहे, ती एकदाच खर्च होणार आहे, आणि 13 सेकंदांपर्यंत पोहोचायचे तर जुना टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) बसवावा की मोठे इंजिन, एवढेच तुम्हाला ठरवायचे आहे.

मी गेली सोळा वर्षे हौशी स्पर्धक म्हणून पळतो आहे आणि या काळात माझ्या गाड्या बहुधा इतरांनी काढून टाकलेल्या भागांवरच उभ्या राहिल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, या वर्षी टर्बोही नको आणि मोठे इंजिनही नको. हे उत्तर तुम्हाला आवडणार नाही याची मला कल्पना आहे, म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो. तो पटला नाही तर पैसे तुमचे आहेत आणि निर्णयही तुमचाच आहे.

तुम्ही दोन्ही टाइम स्लिप, म्हणजे धावेनंतर मिळणाऱ्या आकड्यांच्या चिठ्ठ्या, प्रश्नासोबत जोडल्यात हे फार चांगले केलेत. बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा सांगतात. पहिल्या धावेत पहिले 60 फूट, म्हणजे सुमारे 18 मीटर, पार करायला तुम्हाला 2.6 सेकंद लागले आणि दुसऱ्या धावेत 2.9. शेवटच्या टप्प्यातील वेग मात्र ताशी 143 आणि 142 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सारखाच. या दोन ओळींत तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. पट्टीच्या अगदी टोकाला, शेवटच्या 66 फुटांत मोजलेला वेग मुख्यतः इंजिनाची ताकद आणि गाडीचे वजन यांवर ठरतो, तर पूर्ण धावेची वेळ, जिला आपण सगळे ई.टी. म्हणतो, ती सुरुवातीला जमिनीची पकड किती मिळाली यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. वेग तोच राहून वेळ अर्ध्या सेकंदाने हलली, याचा अर्थ इंजिन दोन्ही वेळा सारखेच चालले आणि गडबड पहिल्या 18 मीटरमध्ये झाली.

याला ताळा म्हणून एक जुना ठोकताळा वापरता येतो. वजनाला किलोमध्ये घेऊन हॉर्सपॉवरने भागावे, येणाऱ्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्याला 7.58 ने गुणावे, म्हणजे पाव मैलाची अपेक्षित वेळ मिळते. 289 ला त्याच घनमुळाने भागले की टोकाचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. तुमच्या गाडीचा हिशेब तर तोंडी करण्याजोगा आहे. 1,200 भागिले 150 म्हणजे 8, त्याचे घनमूळ 2, म्हणून अपेक्षित वेळ सुमारे 15.2 सेकंद आणि अपेक्षित वेग सुमारे 145. वेगाचा आकडा तुमच्या स्लिपशी जवळजवळ जुळतो, म्हणजे पंधरा वर्षांनंतरही तुमचे इंजिन कागदावरची ताकद देते आहे. वेळेचा आकडा मात्र जुळत नाही. पाऊण ते सव्वा सेकंद तुम्ही सुरुवातीच्या रेषेजवळच सांडता आहात, आणि ते परत मिळवायला टर्बो लागत नाही.

आता तुमच्या 13 सेकंदांकडे वळू. हाच ठोकताळा उलटा फिरवला तर 1,200 किलोला 13 सेकंदांत न्यायला सुमारे 240 हॉर्सपॉवर लागतात, म्हणजे आजच्यापेक्षा साठ टक्के जास्त, आणि तेही पकड उत्तम मिळाली तर. जुना टर्बो स्वस्तात मिळेल, यात शंका नाही. पण त्याच्यामागे मोठे इंजेक्टर येतात, मोठा इंधन पंप येतो, इंजिनाच्या संगणकाची नवी जुळणी येते, टर्बोतून येणारी हवा थंड करणारा इंटरकूलर आणि त्याचे पाइप येतात, आणि हे सगळे नीट बसले की मूळ क्लच घसरू लागतो. क्लच मजबूत केला की ओझे गिअरबॉक्सवर जाते, तिथून अ‍ॅक्सलवर. कमी पैशांत टर्बो बसवणारे बहुतेक जण या साखळीच्या मधल्या कुठल्यातरी कडीवर थांबतात, आणि मी ज्यांना थांबलेले पाहिले त्यांतले बरेच इंधनाच्या कडीवर थांबले. मिश्रणात इंधन कमी पडले की सिलिंडरमध्ये वेळेआधी भडका उडतो, ठोके बसू लागतात आणि पिस्टनच्या कडा तुटतात. मग टर्बो शिल्लक राहतो आणि इंजिन भंगारात जाते.

काही परिस्थितींत माझे उत्तर वेगळे असते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तुमच्याच मॉडेलमध्ये कारखान्यातून मोठे इंजिन येत असेल, त्याचे माउंटिंग आणि वायरिंग तुमच्या गाडीशी जुळत असेल आणि अपघातात गेलेली पूर्ण गाडी समोर उभी असेल, तर इंजिन बदलणे टर्बोपेक्षा कितीतरी शहाणपणाचे ठरते, कारण त्या इंजिनासोबत त्याचा गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि ब्रेकही मिळतात. तुम्हाला स्वतःला वेल्डिंग येत असेल किंवा घरात लेथ असेल, तरीही हिशेब बदलतो. हीच गाडी रोज कामावर जायला लागत असेल, तर मात्र तो दुसऱ्या बाजूने बदलतो: मग इंजिनाला हातच लावू नये, कारण रविवारी मोडलेली गाडी सोमवारी चालू हवी असते. आणि तुमच्या आवाक्यात वर्षाला दोनच स्पर्धा येत असतील, की महिन्याला दोन सराव दिवस, यावरही पुष्कळ काही ठरते. तुम्ही हे काही लिहिलेले नाही, म्हणून मी असे धरून चालतो की गाडी फक्त या खेळासाठी आहे, वेल्डिंग बाहेरून करून घ्यावे लागेल आणि सरावाचे दिवस बऱ्यापैकी मिळतील.

तसे असेल तर गाडीवरचा पहिला खर्च टायरवर करा, पण कुठल्या टायरवर ते जपून ठरवा. इथे मला माझीच एक फजिती सांगावी लागेल. दुसऱ्या वर्षी मला वापरलेले स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले मऊ रबराचे टायर, फार स्वस्तात मिळाले. गाडी तुमच्यासारखीच होती, क्लच नवा होता, अ‍ॅक्सल मूळचे होते. इंजिन मिनिटाला 5,000 फेऱ्यांवर धरून मी क्लच सोडला. पहिली धाव आयुष्यातली सर्वांत वेगवान ठरली, दुसरी त्याहून वेगवान, आणि तिसऱ्या वेळी रेषेवरच ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. उजव्या बाजूच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे चाकाकडे ताकद नेणाऱ्या वळत्या सांध्याची, वाटी फुटली होती. सुटलेल्या अ‍ॅक्सलने फिरता फिरता गिअरबॉक्सच्या कवचाला तडा पाडला आणि त्यातले तेल रेषेपासून दहा-बारा मीटर सांडत गेले. पट्टी धुऊन कोरडी होईपर्यंत तासभर सगळे थांबले होते. कोणी काही बोलले नाही, पण भुसा टाकायला मी एकटा नव्हतो, आणि ज्यांनी फावडी हातात घेतली त्यांचीही त्या दिवसाची प्रवेश फी वायाच गेली होती.

त्या दिवशी जे कळले ते असे की घसरणारा टायर हा गाडीतला फ्यूज असतो. क्लचमधून अचानक धक्का आला की टायर घसरतो आणि तो धक्का तिथेच विरतो. टायर घसरायचा थांबला की तोच धक्का साखळीतली सर्वांत कमजोर कडी शोधतो. म्हणून कमी पैशांत पकड हळूहळू वाढवायची असते. तुमच्या 150 हॉर्सपॉवरला स्लिकची गरज नाही. रस्त्यावरही चालणारे मऊ रबराचे रेडियल टायर फक्त पुढच्या दोन चाकांसाठी घ्या, आणि तेही शक्य तर वापरलेल्या रिमांवर वेगळे बसवून घ्या, म्हणजे पट्टीवर गेल्यावर चाके बदलता येतील आणि टायर वर्षानुवर्षे टिकतील.

टायरच्या हवेचा दाब ही या खेळातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे आणि तरीही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मी करतो ते असे. पुढच्या टायरच्या संपूर्ण रुंदीवर खडूची जाड रेघ ओढतो, गाडी सपाट जमिनीवर सरळ रेषेत दहा-पंधरा मीटर हळू नेतो आणि उतरून पाहतो. रेघ मध्येच पुसली गेली असेल तर दाब जास्त आहे, कडांना पुसली असेल तर कमी आहे, आणि सगळीकडे सारखी फिकी झाली असेल तर सुरुवात करायला तो दाब बरा. त्यानंतर प्रत्येक धावेला दोन पाउंडांपेक्षा जास्त बदल करायचा नाही आणि प्रत्येक वेळी फक्त 60 फुटांचा आकडा पाहायचा. पूर्ण धावेची वेळ पाहिली तर गिअर बदलताना झालेल्या चुकाही त्यात मिसळतात आणि दाबाने काय केले ते कळत नाही. मागच्या टायरमध्ये मात्र त्या टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत राहून दाब थोडा जास्तच ठेवा, कारण पुढच्या चाकांच्या गाडीत मागची चाके फक्त घरंगळत जातात.

पुढची चाके ओढत असल्याचा तोटा तुम्हाला ठाऊक असेलच: निघताना गाडीचे वजन मागे जाते, आणि ओढायचे काम मात्र ज्या चाकांवरचा भार कमी झाला त्यांनाच करायचे असते. मागची बाजू खाली बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगांना थोडा कडकपणा देणे किंवा त्यांची हालचाल रबरी अडथळ्यांनी मर्यादित करणे फारसे खर्चिक नाही. पट्टीवरचे काळे डागही जरूर तपासा. निघण्याच्या जागी रबराची एकच रेघ उमटली असेल, तर तुमचा डिफरेंशियल, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणारा भाग, सगळी ताकद एकाच चाकाला देतो आहे. दोन्ही रेघा उमटत असतील तर पुढच्या एक-दोन वर्षांत लिमिटेड स्लिपवर, म्हणजे एकच चाक घसरू न देणाऱ्या डिफरेंशियलवर, खर्च करायची घाई नाही.

आता निघण्याची पद्धत. तुमच्या दोन आकड्यांत 0.3 सेकंदांचा फरक आहे आणि तो टायरमुळे आलेला नाही. तो तुमच्या डाव्या पायाचा आहे. पहिल्या 60 फुटांत गमावलेला प्रत्येक दशांश सेकंद टोकाला दीडपट ते दुपटीने वसूल होतो, आणि तुमच्या स्लिपवरही 0.3 चे 0.5 झालेले दिसते. अशा गाडीत इंजिन 2,500 ते 3,000 फेऱ्यांच्या आसपास स्थिर धरा, क्लच जिथे पकडू लागतो त्या जागेपर्यंत आधीच आणून ठेवा आणि मग तो झटक्यात न सोडता साधारण एका सेकंदात पूर्ण सोडा, आणि त्याच वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबत न्या. इंजिनाचा आवाज एकदम चढला तर टायर सुटला आहे. एकदम बसला तर क्लच लवकर सुटला आहे. दोन्हींच्या मधला, सलग चढत जाणारा आवाज एकदा कानाला ओळखीचा झाला की हाताला आणि पायाला वेगळे सांगावे लागत नाही. पहिल्या सराव दिवसाला मी तर म्हणेन की पूर्ण पाव मैल पळूच नका. शंभरेक मीटरनंतर पाय उचला, वळून या आणि पुन्हा रांगेत उभे राहा. 60 फुटांचा आकडा स्लिपवर येतोच, इंजिन तापत नाही, आणि एका दिवसात जास्त सुरुवाती पदरात पडतात.

बर्नआउटबद्दल, म्हणजे निघण्याआधी चाके जागीच फिरवण्याबद्दल, थोडे सांगतो, कारण नवे लोक यातच टायर जाळतात. नक्षी असलेले टायर घेऊन बर्नआउटसाठी ठेवलेल्या पाण्याच्या डबक्यात कधीही जाऊ नका. नक्षीच्या खाचांत आणि चाकांवरच्या पोकळीत पाणी अडकते आणि नेमके सुरुवातीच्या रेषेवर ठिबकते. तुमची पकड जाते आणि मागून येणाऱ्याचीही. डबक्याच्या बाजूने वळसा घालून कोरड्या जागी चाके दोन-तीन सेकंद फिरवा, धूळ आणि खडी झटकली गेली की काम झाले. धूर काढणे प्रेक्षकांसाठी असते.

गिअर बदलताना पाहण्याजोगी एक गोष्ट तुमच्या स्लिपवर नाही, पण गाडीत बसून कळेल. शेवटची रेषा ओलांडण्याच्या अगदी आधी तुम्हाला वरचा गिअर टाकावा लागतो का, हे पाहा. वीस-तीस मीटर उरलेले असताना टाकलेला गिअर काहीच देत नाही, उलट बदलण्यात वेळ जातो. तसे होत असेल तर थोड्या मोठ्या व्यासाचा टायर घेतल्यास तोच गिअर रेषेपर्यंत पुरतो. टायर निवडताना हा विचार आधीच केला तर त्याला वेगळा खर्च लागत नाही.

वजन कमी करणे फुकट असते, म्हणून त्यावर फार शब्द घालवत नाही. मागची सीट, सुटे टायर, जॅक, कार्पेटखालचे जाड नमदे आणि अर्धी इंधन टाकी, हे सगळे मिळून 60 ते 70 किलो सहज निघतात. शंभर किलो निघाले तर वरच्याच ठोकताळ्याने तुमची वेळ सुमारे 0.4 सेकंदांनी कमी होते, म्हणजे चौदा-पंधरा हॉर्सपॉवर वाढवल्यासारखे. फक्त वजन मागून काढा, पुढून नको. आणि ब्रेकच्या, सीट बेल्टच्या किंवा दरवाजातल्या मजबुतीच्या कुठल्याही भागाला हात लावू नका.

इथपर्यंतचे सगळे केले तर तुमची गाडी 15.3 ते 15.5 च्या दरम्यान दर वेळी येऊ लागेल, आणि वजन उतरले तर पंधराच्या खालीही जाईल, असा माझा अंदाज आहे. म्हणजे एक सेकंदाच्या आसपास सुधारणा, आणि इंजिनाचा एक नटही न उघडता.

तुम्ही म्हणाल, पण पंधरा सेकंदांची गाडी घेऊन जिंकायचे कुणाशी? त्यासाठीच ब्रॅकेट रेसिंग आहे, आणि कमी पैशांच्या स्पर्धकाने सुरुवात तिथेच करावी असे माझे ठाम मत आहे. यात प्रत्येक जण आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल ते आधी जाहीर करतो, आणि हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडले जाते. समजा तुम्ही 15.40 लिहिले आणि शेजारच्या मोठ्या इंजिनवाल्याने 12.40, तुमचा हिरवा दिवा त्याच्या तीन सेकंद आधी लागेल. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा तुम्ही लवकर पोहोचलात तर बाद, आणि हिरव्याच्या आधी निघालात तर लाल दिवा लागून बाद. आता तुम्ही हिरव्यानंतर 0.045 सेकंदांनी निघालात आणि 15.42 मध्ये पोहोचलात, म्हणजे एकूण चूक 0.065. तो 0.020 ने निघाला, पण 12.45 मध्ये पोहोचला, म्हणजे 0.070. तुम्ही 0.005 सेकंदांनी जिंकलात. त्याच्या वेगाने मोजले तर रेषेवर हा फरक वीतभर भरतो. त्याच्या इंजिनावर तुमच्या दसपट पैसे खर्च झालेले असतील, पण या हिशेबात त्यांना जागाच नाही.

म्हणूनच कमी पैशांत वेग विकत घेण्याऐवजी सातत्य विकत घ्यायचे, आणि सातत्य मुख्यतः धावांतून येते. सुरुवातीच्या दिव्यांचा खांब, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात आणि जो 1963 पासून झेंडेवाल्या माणसाच्या जागी आला, त्यावर ब्रॅकेटमध्ये तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. हिरवा पाहून निघालात तर उशीर झालाच, कारण तुमचा पाय हलायला आणि गाडीचे चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणाबाहेर जायला मिळून जवळपास तेवढाच वेळ लागतो. शेवटचा पिवळा उजळताना निघायचे असते. रेषेवर उभे राहतानाही दर वेळी सारखेच उभे राहा: रेषेजवळच्या दोन किरणांपैकी दुसऱ्याचा दिवा लागता क्षणी थांबलात, की आणखी थोडे पुढे सरकलात, यातल्या चार-पाच इंचांनी तुमची प्रतिक्रियेची वेळही बदलते आणि 60 फुटांची वेळही.

वहीचा विषय कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या सोळा वर्षांतले सर्वांत मोलाचे साधन तीच आहे. प्रत्येक धावेला तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, टायरचा दाब, टाकीत इंधन किती, निघताना इंजिनाच्या फेऱ्या, आणि मग स्लिपवरचे सगळे आकडे लिहा. दुपारच्या तापलेल्या, विरळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि गाडी मंदावते. सूर्य मावळल्यावर तीच गाडी जोर धरते. सकाळच्या आकड्यावर विसंबून रात्रीच्या फेरीला 15.40 लिहिणारा माणूस 15.31 मध्ये पोहोचतो आणि बाद होतो. पहिल्या वर्षी मी तीनदा असाच हरलो, तिन्ही वेळा गाडी उत्तम पळत असताना.

सुरक्षेचा खर्च मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, पण यादीत तो पहिला आहे. नियम आयोजकागणिक बदलतात, म्हणून पैसे खर्च करण्याआधी तुम्ही जिथे पळणार तिथली नियमपुस्तिका वाचा. पुष्कळ ठिकाणी आधार घेतला जातो तो एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमांचा. वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये ती स्थापन केली ती रस्त्यावरच्या शर्यती बंद पट्टीवर आणण्यासाठीच. त्या नियमांनी पाव मैल 13.99 किंवा त्याहून कमी वेळेत गेले की हेल्मेट अनिवार्य होते, 11.49 ला साधारणपणे रोल बार (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारी पोलादी कमान) आणि 9.99 ला पूर्ण रोल केज (तसाच पूर्ण पिंजरा), नव्या गाड्यांना काही सवलती सोडल्या तर. तुम्ही पंधरा सेकंदांत असलात तरी हेल्मेट आजच घ्या, आणि ते नवेच घ्या. जुने हेल्मेट आणि जुना हार्नेस, म्हणजे शर्यतीचा अनेक पट्ट्यांचा सीट बेल्ट, या दोन वस्तू मी कधीही कुणाकडून घेत नाही: हेल्मेट एकदा आपटले की आतला थर दबतो आणि बाहेरून काही दिसत नाही, हार्नेसच्या पट्ट्या उन्हाने कमजोर होतात, म्हणून एसएफआय या शर्यतीच्या सुरक्षा-साधनांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात त्यांना दोनच वर्षांची मुदत असते.

मजबूत क्लच बसवाल तेव्हा त्याभोवतीचे संरक्षक कवचही हिशेबात धरा. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचे जड चाक, आणि क्लच तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर फिरत असतात. 1970 मध्ये अमेरिकी स्पर्धक डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा, म्हणजे फक्त या खेळासाठी बनवलेल्या लांबट गाडीचा, गिअरबॉक्स त्यांच्या पायांजवळच फुटला आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. पुढच्या वर्षी त्यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी आणली आणि काही वर्षांत त्या वर्गातल्या सगळ्यांनीच ती रचना उचलली. तुमच्या ताकदीला एवढी भीती नाही, पण तडा गेलेले जुने फ्लायव्हील 150 हॉर्सपॉवरलाही फुटते. क्लच उघडाल तेव्हा फ्लायव्हीलवर उष्णतेने जळल्यासारखे निळे डाग किंवा केसाएवढ्या भेगा आहेत का ते पाहा.

थांबण्याकडेही लक्ष असू द्या. 2008 मध्ये न्यू जर्सीतील इंग्लिशटाऊन येथे ड्रॅग रेसर स्कॉट कलिटा यांचा धावेतील अपघातात मृत्यू झाल्यानंतर नायट्रोमिथेन इंधनावर पळणाऱ्या सर्वांत वेगवान वर्गांसाठी अंतर पाव मैलावरून 1,000 फुटांवर आणले गेले, कारण त्या वेगाला थांबायला पुढे जागा पुरत नव्हती. ताशी 143 किलोमीटरला तुम्हाला तसा धोका नाही. तरीही पहिल्यांदा एखाद्या पट्टीवर जाल तेव्हा रेषेपलीकडची लांबी पायी चालून पाहा, आणि ब्रेक ऑइल वर्षातून एकदा बदला. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी ठेवण्याचा नियम अनेक पट्ट्यांवर असतो, कारण सांडलेले कूलंट अतिशय निसरडे असते आणि सहज धुतले जात नाही.

पैशांची वाटणी मी कशी करेन, तेही सांगतो. साठवलेल्या रकमेतला निम्मा भाग बाजूला काढून ठेवीन आणि त्याला प्रवेश फी, इंधन, प्रवास आणि मोडतोड यांखेरीज कशासाठीही हात लावणार नाही. उरलेल्या निम्म्यातून आधी हेल्मेट आणि अग्निशामक सिलिंडर, मग पुढचे दोन टायर, मग गाडीतली सगळी तेले, प्लग, बेल्ट आणि ब्रेक पॅड. इंजिनाची कॉम्प्रेशन तपासणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची तपासणी, या टप्प्यावर करून घ्या आणि चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी टर्बोचा विचार करायचा की नाही, ते या चार आकड्यांतला फरक वर्षभरात वाढतो की नाही यावरून कळेल. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर टर्बोचा विषय तिथेच संपतो आणि चांगल्या जुन्या इंजिनाचा शोध सुरू होतो.

आणि दोन-तीन सराव दिवसांनंतर, म्हणजे साधारण पंधरा-वीस धावांनंतर, पुन्हा लिहा. त्यांतल्या सलग पाच धावांचे 60 फुटांचे आकडे, टोकाचे वेग, प्रत्येक वेळचा टायरचा दाब आणि तापमान एवढे पुरे. पाचही 60 फुटांचे आकडे एकमेकांच्या 0.05 सेकंदांच्या आत आले, तर टर्बो कुठला आणि किती दाबाचा यावर मी तुमच्याशी बोलायला तयार आहे. तसे आले नाहीत, तर आधी क्लचबद्दल बोलू.